औषधांना दाद न देणारा अपस्मार आणि वर्तनोपचार

अपस्मार असलेल्या दहा जणांपैकी सहा-सात जणांच्या फिट्स गोळ्यांनी थांबतात. उरलेल्यांच्या थांबत नाहीत. ग्लासगोमध्ये पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी ५२५ रुग्णांचा मागोवा घेतला आणि २००० साली त्याचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांतील ४७० जणांनी तोवर अपस्मारावर कधीच औषध घेतलेले नव्हते. त्यांच्यापैकी ४७ टक्क्यांच्या फिट्स पहिल्याच औषधाने थांबल्या, १४ टक्क्यांच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणि अवघ्या ३ टक्क्यांच्या दोन औषधे एकत्र दिल्यावर. पहिली दोन औषधे चालली नाहीत, तर पुढच्याची आशा झपाट्याने आटते. या अनुभवाच्या आधारे इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने २०१० मध्ये व्याख्या केली: योग्य निवडलेली, सोसणारी आणि पुरेशा प्रमाणात घेतलेली दोन औषधे देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार समजावा.

अशा प्रौढ रुग्णासमोर साधारण चार वाटा असतात. औषधे बदलून पाहणे, शस्त्रक्रिया, विद्युत-उत्तेजन देणारी उपकरणे आणि आहार, योग, मानसोपचार, बायोफीडबॅक, व्यायाम व झोपेची शिस्त यांचा एक मोठा, काहीसा विस्कळीत गट. या प्रकरणाचा विषय हा शेवटचा गट आहे. त्याच्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना तो निव्वळ मनाचे समाधान वाटतो, तर काहींना गोळ्या सोडण्याची परवानगी. पुरावा यांपैकी कोणत्याच मताला दुजोरा देत नाही.

मात्र या वाटेला लागण्याआधी निदान पुन्हा तपासावे लागते. औषध ‘चालत नाही’ असे दिसणाऱ्या कित्येकांच्या बाबतीत गोळ्या चुकत असतात, मात्रा अपुरी असते किंवा फिटच्या प्रकाराला न मानवणारे औषध दिलेले असते. काहींना मुळात अपस्मार नसतोच. बेशुद्धी येते, हातपाय झाडले जातात, पण त्या वेळी मेंदूच्या आलेखात अपस्माराची विद्युत खळबळ दिसत नाही. अशा झटक्यांना विघटनजन्य किंवा मानसजन्य झटके म्हणतात. मोठ्या अपस्मार केंद्रांत ‘अवघड केस’ म्हणून पाठवलेल्या रुग्णांत त्यांचे प्रमाण लक्षणीय असते. फरक ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे व्हिडिओ-ईईजी: रुग्णालयात ठेवून झटक्याचे चित्रण आणि मेंदूचा आलेख एकाच वेळी घेणे. या झटक्यांचा मुख्य उपचारच मानसोपचार असतो आणि अपस्माराच्या गोळ्यांचा त्यांना उपयोग होत नाही. तरीही तिथे यश हमखास मिळते असे नाही. ब्रिटनमधील ३६८ प्रौढांवरच्या कोड्स या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. विचार-वर्तन उपचाराने वर्षभरानंतर झटक्यांची संख्या तुलना गटापेक्षा लक्षणीय कमी झाली नव्हती, पण रोजचे व्यवहार आणि मानसिक त्रास यांत सुधारणा दिसली. हा विरोधाभास खऱ्या अपस्मारातही पुन:पुन्हा भेटतो.

शस्त्रक्रियेचा प्रश्नही आधी सोडवायला हवा. कॅनडातील सॅम्युअल वीब यांच्या २००१ च्या चाचणीत ८० रुग्ण होते. कानशिलाकडच्या खंडातून उगम पावणाऱ्या अपस्मारावर ज्यांना शस्त्रक्रियेसाठी नेमले, त्यांपैकी ५८ टक्के वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते. फक्त औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. या प्रकरणातील कोणत्याही उपचाराच्या जवळपास असा आकडा नाही. ज्याला शस्त्रक्रिया लागू पडू शकते त्याने योगवर्गात पाच वर्षे घालवणे म्हणजे पाच वर्षे गमावणे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अपस्मारावरच्या शस्त्रक्रिया कित्येक वर्षांपासून होत आहेत, त्यामुळे ही सोय परदेशातच मिळते असेही नाही.

वर्तनाने फिट थांबवता येईल ही कल्पना आली कुठून? मेंदूतील पेशींचा एखादा समूह एकाच वेळी, एकाच तालात, आवर न घालता धडधडू लागला की फिट सुरू होते. पण ती नेहमी एका क्षणात संपूर्ण मेंदूभर पसरत नाही. अनेकांना आधी चाहूल लागते: पोटातून वर चढणारी विचित्र जाणीव, नसलेला वास, कारण नसताना दाटून येणारी भीती, एखादी जागा पूर्वी पाहिल्याचा भास. ही चाहूल म्हणजेच लहान, एका जागी अडलेली फिट असते. ती पसरेल की विरून जाईल हे आजूबाजूच्या पेशी त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहेत यावर काही अंशी अवलंबून असते. ती अवस्था बदलता आली तर प्रसार अडवता येईल, एवढाच यामागचा तर्क आहे. एका हातापासून सुरू होणारी फिट हाताला वर घट्ट पट्टा बांधून किंवा जोराने चोळून कधी कधी थांबते, अशी निरीक्षणे विल्यम गावर्स या ब्रिटिश चेतातज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवली होती.

सर्वांत नाट्यमय उदाहरण रॉबर्ट एफ्रॉन यांनी १९५६ आणि १९५७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडले. त्यांची रुग्ण एक गायिका होती. तिच्या फिटआधी लांबलचक चाहूल येई आणि त्या चाहुलीच्या एका टप्प्यावर तिला नसलेला वास येई. चाहुलीच्या सुरुवातीलाच तिला एखादा उग्र वास दिला तर फिट तिथेच मोडते, असे एफ्रॉन यांना आढळले. पुढे त्यांनी जाईच्या अर्काचा वास आणि हातातल्या बांगडीकडे टक लावून पाहणे यांची वारंवार सांगड घातली. काही दिवसांनी नुसती बांगडी पाहून फिट थांबू लागली आणि अखेर बांगडीचा विचार मनात आणूनही. पाव्हलोवच्या प्रयोगातला कुत्रा घंटेच्या आवाजाने लाळ गाळू लागतो तीच ही शिकण्याची रीत, फक्त इथे ती मेंदूला फिट रोखायला शिकवत होती.

इथे महाराष्ट्रातील वाचकाला नाकाशी धरलेला कांदा किंवा चप्पल आठवणे साहजिक आहे. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एफ्रॉन यांचा वास चाहुलीच्या सुरुवातीला, शुद्ध असताना आणि एका विशिष्ट प्रकारच्या अपस्मारात दिला जात होता. झटके सुरू होऊन माणूस जमिनीवर पडल्यावर कांद्याचा काही उपयोग नसतो. बहुतेक मोठ्या फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळते. अशा वेळी माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ झाला तर रुग्णालय गाठावे.

गावर्स-एफ्रॉन यांची दिशा पुढे पद्धतशीर उपचारात आली. कॅलिफोर्नियात डोना अँड्र्यूज आणि जोएल रायटर यांनी १९८० च्या दशकात रुग्णासाठी टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचा गाभा निरीक्षणाचा आहे. फिट कधी आली, त्याआधीच्या दिवसात झोप किती झाली, गोळी चुकली का, भांडण झाले का, उपास होता का, मासिक पाळीचा कोणता दिवस होता, चाहूल कशी होती, याची नोंद ठेवायची. काही आठवड्यांच्या नोंदीतून आपापला नमुना दिसू लागतो. मग चाहूल लागताच करायची एक ठरावीक कृती शिकवली जाते: खोल, संथ श्वास, लक्ष दुसरीकडे वळवणे, मूठ आवळणे, मोठ्याने बोलणे. कोणती कृती कोणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. गळून गेल्यावर, पेंगताना ज्याच्या फिट्स येतात त्याला जागृती वाढवणारी कृती हवी. घाबरल्यावर येत असतील तर शांत करणारी.

नोंदवहीचा एक धोकाही सांगायला हवा. ‘ताण आला की फिट येते’ असे बहुतेक रुग्ण सांगतात आणि ते पुष्कळदा खरेही असते. झोप मोडणे आणि औषध चुकणे यांच्याबरोबर ताण हे सर्वांत जास्त सांगितले जाणारे कारण आहे. पण फिटच्या काही तास आधी येणारी चिडचिड आणि बेचैनी ही कधी कधी येऊ घातलेल्या फिटचेच लक्षण असते. तेव्हा माणूस परिणामाला कारण समजतो. घरच्यांनी तर हे फार लवकर ‘तू टेन्शन घेतोस म्हणून होतं’ या आरोपापर्यंत नेलेले असते. नोंद ठेवायची ती दोष देण्यासाठी नव्हे, एवढे भान उपचार करणाऱ्याने राखावे लागते.

बायोफीडबॅकची, म्हणजे शरीरातील संकेत पाहून ते बदलायला शिकण्याची, गोष्ट मांजरांपासून सुरू होते. लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टर्मन १९६० च्या दशकात मांजरांना विशिष्ट मेंदूलहर वाढवायला शिकवत होते. शरीर निश्चल पण सावध असताना, हालचालींशी संबंधित भागावर सेकंदाला १२ ते १५ आवर्तनांची ही लहर उमटते. ती वाढली की मांजराला खाऊ मिळे. पुढे अग्निबाणाच्या इंधनात वापरल्या जाणाऱ्या मोनोमेथिल हायड्राझिनचे दुष्परिणाम तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. या रसायनाने झटके येतात. स्टर्मन यांच्या हाताशी असलेली काही मांजरे आधीच्या प्रयोगात शिकवलेली होती आणि त्यांना झटके फार उशिरा आले किंवा आलेच नाहीत. १९७२ मध्ये त्यांनी हेच शिक्षण अपस्मार असलेल्या एका तरुणीला देऊन निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यानंतर अनेक लहान अभ्यास झाले, बरेचसे उत्साहवर्धक, पण रुग्ण थोडे आणि तुलना गट कमकुवत. उपकरणांचा खर्च आणि महिनोन् महिने चालणारी सत्रे यांमुळेही हा उपचार मोजक्या ठिकाणीच राहिला.

त्याहून सोपा एक प्रकार त्वचेच्या विद्युत-वाहकतेवर चालतो. बोटांना घाम किती सुटतो त्यावर ही वाहकता ठरते आणि ती शरीराच्या जागृतीचे माप देते. लंडनमध्ये योको नागाई यांनी २००४ मध्ये १८ रुग्णांवर चाचणी घेतली. दहा जणांना पडद्यावरचे चित्र आपल्या मनाने हलवून जागृती वाढवायला शिकवले. आठ जणांना तसेच दिसणारे पण शरीराशी न जोडलेले चित्र दाखवले. महिनाभराच्या बारा सत्रांनंतर पहिल्या गटात दहापैकी सहा जणांच्या फिट्स निम्म्याहून अधिक घटल्या. इथे शिकवली गेली ती जागृती, विश्रांती नव्हे. ‘शांत राहा म्हणजे फिट येणार नाही’ हा सल्ला सर्वांना सारखा लागू नाही, याचा हा प्रयोगशाळेतला दाखला आहे.

विश्रांतीच्या तंत्रांची कठोर परीक्षा अमेरिकेत शेरिल हॉट यांच्या गटाने घेतली. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांनी फिट्स पूर्ण न थांबलेल्या ६६ प्रौढांपैकी काहींना क्रमाक्रमाने स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम श्वसनासह दिला. उरलेल्यांना तितकाच वेळ एखाद्या गोष्टीवर लक्ष केंद्रित करण्याचे काम दिले. तीन महिन्यांनी पहिल्या गटात फिट्स २९ टक्क्यांनी घटल्या होत्या. तुलना गटात २५ टक्क्यांनी. दोन्ही गट सुधारले, पण एकमेकांपेक्षा वेगळे ठरले नाहीत. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक, व्यायामात विशेष काही नाही. दुसरा, रोज ठरावीक वेळी थांबणे, मोबाइलवर नोंद करणे, कुणीतरी विचारपूस करणे यांतच काही आहे, आणि ते दोन्ही गटांना मिळाले. शिवाय फिट्स सर्वाधिक वाढलेल्या काळातच माणूस उपचाराला येतो, त्यामुळे पुढे त्या आपोआप काही प्रमाणात घटतात, हा तिसरा हिशेबही धरावा लागतो. वर्तनोपचारांच्या जाहिराती बहुधा २९ टक्के सांगतात आणि २५ टक्के सांगत नाहीत.

योगाच्या बाबतीत भारतातला पुरावा सर्वांत जुना आहे. सहजयोगाचा एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ३२ रुग्णांच्या तीन गटांपैकी ध्यान करणाऱ्यांच्या फिट्स सहा महिन्यांत मोठ्या प्रमाणात घटल्या. पण प्रत्येक गटात दहा-बाराच माणसे होती. त्यामुळे नंतरच्या कोक्रेन परीक्षणाने (उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित पडताळा) योगाबद्दल ठाम निष्कर्ष काढायला नकार दिला. पुण्याचे अपस्मारतज्ज्ञ नंदन यार्डी यांनी स्वीडनमधील टोबियास लुंडग्रेन आणि जोआन डाल यांच्यासह केलेला अभ्यास २००८ मध्ये आला. भारतातील १८ रुग्णांना एकतर योग किंवा स्वीकार-आणि-बांधिलकी उपचार देण्यात आला. या दुसऱ्या उपचाराची भूमिका अशी: फिटची भीती घालवण्याच्या मागे लागू नये. भीती बरोबर घेऊन आपल्याला महत्त्वाचे वाटणारे काम, नाती, शिक्षण यांकडे पावले टाकावीत. फिट येईल म्हणून बसप्रवास, लग्नसमारंभ, नोकरी असे एकेक सोडत गेलेल्या माणसाचे जग घरातल्या खोलीएवढे उरते आणि त्या कोंडीतून ताण वाढतो, हे चक्र तोडायचे. एकूण बारा तासांचे शिक्षण आणि नंतरच्या उजळणी सत्रांनंतर दोन्ही गटांत फिट्स घटल्या व जीवनमान सुधारले. फिट्सच्या बाबतीत मानसोपचाराचा गट पुढे होता. याच पद्धतीचा आधीचा अभ्यास दक्षिण आफ्रिकेत २७ जणांवर झाला होता आणि तिथेही दिशा तीच होती.

मोठी चाचणी दिल्लीच्या एम्समध्ये झाली आणि २०२३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’त छापली गेली. तिच्यात १६० रुग्ण होते, सरासरी आठवड्याला एक फिट येणारे. निम्म्यांना सैलावण्याचे व्यायाम, प्राणायाम, ध्यान. निम्म्यांना दिसायला तसाच, पण श्वासाच्या आणि लक्ष देण्याच्या सूचना वगळलेला नकली योग. तीन महिन्यांत सात देखरेखीची सत्रे आणि घरी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. खऱ्या योगाच्या गटात फिट्स निम्म्याहून अधिक घटण्याची शक्यता चौपटीहून जास्त ठरली. पण या अभ्यासाचे मुख्य मोजमाप फिट्स नव्हत्याच. ‘लोक मला वेगळे समजतात, टाळतात’ ही भावना मोजायची होती आणि तीही योगाच्या गटात स्पष्ट उतरली. भारतीय संदर्भात हे मोजमाप निवडणे अगदी रास्त होते. १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत हिंदू विवाह कायद्यात विवाह रद्द ठरवण्याच्या कारणांत अपस्मार होता. कायद्यातून तो गेला, स्थळे पाहताना तो लपवण्याची वेळ अजून गेलेली नाही. लपवलेल्या आजाराच्या गोळ्याही लपून घ्याव्या लागतात, आणि लपून घेतलेल्या गोळ्या चुकतात.

योग करताना जलद श्वसनाचे प्रकार जपून करावेत. ईईजी काढताना रुग्णाला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, कारण त्याने काहींच्या मेंदूतील अपस्माराच्या लहरी जाग्या होतात. कपालभाती आणि भस्त्रिका डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. संथ, लांब उच्छ्वास निर्धोक.

मन आणि अपस्मार यांचा संबंध फक्त ताणापुरता नाही. अपस्मार असलेल्या प्रौढांत, विशेषतः औषधांना दाद न देणाऱ्या प्रकारात, नैराश्य आणि चिंता सामान्य लोकसंख्येपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात आढळतात. काही अंशी हा आयुष्याच्या कोंडीचा परिणाम असतो, काही अंशी मेंदूतील त्याच बिघाडाचा आणि काही वेळा लेवेटिरासिटामसारख्या अपस्माराच्याच औषधाचा. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर फिट्स मोजतात, मनःस्थिती विचारत नाहीत. त्यासाठी सहा प्रश्नांची एक चाचणी २००६ पासून उपलब्ध आहे आणि ती भरायला तीन मिनिटेही लागत नाहीत. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात नॅन्सी थॉम्पसन यांनी ‘अपलिफ्ट’ हा आठ सत्रांचा कार्यक्रम फोनवर आणि इंटरनेटवर चालेल असा आखला, कारण अपस्माराच्या अनेक रुग्णांना गाडी चालवता येत नाही. त्याने नैराश्याची लक्षणे उतरली. हाँगकाँगमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर सजगता-उपचाराची चाचणी झाली, तिचेही निष्कर्ष जीवनमानाच्या बाजूने अनुकूल होते.

या सगळ्याचा एकत्रित हिशेब कोक्रेनच्या २०२० च्या परीक्षणात आहे: ३६ चाचण्या, साडेतीन हजार रुग्ण. मानसोपचाराने जीवनमान सुधारते याला मध्यम दर्जाचा आधार मिळाला. फिट्स कमी होतात का, याबद्दल तितके ठाम उत्तर मिळाले नाही. म्हणून या उपचारांची शिफारस करताना फिट थांबवण्याचे आश्वासन देऊ नये. फिट्स चालू असतानाही माणूस नोकरी टिकवतो, झोपतो, घराबाहेर पडतो, एवढे मिळाले तरी उपचार वाया गेला असे म्हणता येत नाही.

आहार हा तांत्रिकदृष्ट्या वर्तनोपचार नाही, पण शिस्त त्याच जातीची लागते. उपासाने फिट्स थांबतात हे जुने निरीक्षण होते. मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये उपासाचा परिणाम साधणारा चरबीप्रधान कीटोजेनिक आहार सुचवला. प्रौढांना त्याहून सौम्य सुधारित ॲटकिन्स आहार जमतो, ज्यात दिवसाला कर्बोदके २० ग्रॅमच्या आसपास ठेवतात. एका मध्यम भाकरीतच तेवढी असतात, यावरून घरच्या स्वयंपाकघरात काय गोंधळ उडतो याची कल्पना यावी. एम्सच्याच १६० किशोर व प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत सहा महिन्यांनी या आहाराच्या गटातील २६ टक्क्यांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या. फक्त औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण अडीच टक्के होते. सुमारे एक तृतीयांश लोकांनी अभ्यास पूर्ण केला नाही, काहींनी कोविडमुळे, काहींनी आहार न सोसल्यामुळे. हा आहार आहारतज्ज्ञाशिवाय सुरू करू नये.

व्यायामाने फिट्स वाढतात, ही जुनी भीती बहुतांशी निराधार आहे. नॉर्वेत १५ स्त्रियांना पंधरा आठवडे आठवड्यातून दोनदा तासभर एरोबिक व्यायाम दिला, तेव्हा आठवड्याच्या फिट्स सरासरी २.९ वरून १.७ वर आल्या. चालणे, सायकलचे स्थिर यंत्र, सांघिक खेळ चालतात. विहिरीत किंवा नदीत एकट्याने पोहणे, उंचावर चढणे टाळावे. झोपेचे महत्त्व निर्विवाद आहे. घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या रुग्णात झोपेतील श्वसनरोध तपासावा, कारण त्यावरचा उपचार फिट्सनाही उतार देऊ शकतो. मोझार्टची एक विशिष्ट पियानो रचना ऐकून फिट्स कमी होतात, हा दावा १९९८ पासून वर्तमानपत्रांचा आवडता आहे. २०२३ च्या एका एकत्रित विश्लेषणात त्याला आधार सापडला नाही. ऐकण्याने नुकसान नाही, हाच त्याचा मुख्य गुण.

कोणताही उपचार करून पाहताना आधी दोन-तीन महिन्यांच्या फिट्सची नोंद हाती हवी, नाहीतर फरक कशाशी तोलणार? एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला किमान तीन महिने द्यावेत. गोळ्यांना हात लावू नये. औषध अचानक बंद केल्यास न थांबणारी फिट येऊन जीव जाऊ शकतो. अनियंत्रित मोठ्या फिट्स असलेल्यांना झोपेत अचानक मृत्यूचाही धोका असतो आणि तो कमी करण्याचा मुख्य ज्ञात मार्ग फिट्स घटवणे हा आहे. शेवटी प्रश्न उरतो माणसांचा. अपस्मार समजणारे मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांतही थोडे आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी जवळपास नाहीत. पुण्यातील संवेदना फाउंडेशनसारखे स्वमदत गट आणि फोनवरून चालणारी सत्रे सध्या ही उणीव भरून काढतात. नोंदवही, संथ श्वसन आणि गोळ्यांची वेळ शिकवणे हे काम प्रशिक्षित परिचारिकेलाही करता येते. जर्मनीतील ‘मोझेस’ या रुग्णशिक्षण कार्यक्रमाने गटात शिकवूनही फरक पडतो हे दाखवले आहे.